ठावप्रश्न

"कशी आहेस गं?" असं एका ओळखीच्या बाईला भर बाजारात मोठ्यानं विचारल्याबद्दल दर्शना तांडेलला तिच्या जावेनं दंडाला चिमटा काढला होता. "अहो वहिनी, काय हे! 'बरी आहेस ना' म्हणा की. एका शब्दात उत्तर देऊन बाई पुढे गेली असती. तुम्ही 'कशी' विचारलंत, आता ती बिचारी सांगत बसेल."

"मग सांगू दे की," दर्शना म्हणाली. "त्यासाठीच विचारलं मी."

दर्शना अशी होती, आणि काळ तसा नव्हता. 'कसं', 'काय', 'का' हे शब्द काही कुणी बंदी घालून घालवले नव्हते. पाटा-वरवंटा घरातून जसा गेला तसेच ते गेले. आधी अडगळीत पडले, मग कुणाला आठवेनासे झाले. या सगळ्याच्या मुळाशी होती एक चार बोटं रुंदीची पट्टी. तिचं नाव निर्वाळा.

निर्वाळा कपाळाला बांधायचा. त्यामागचं शास्त्र फार अवघड नाही. एखादी गोष्ट कानावर पडली आणि ती मनाला पटली, 'हेच ते' असं वाटलं, की मेंदूत त्याच क्षणी विजेची एक बारीक ठिणगी उडते. माणसानं तोंड उघडायच्या आधी उडते. खरं बोलावं की थाप मारावी हे ठरवायच्याही आधी उडते. शास्त्रज्ञांनी तिला ओळख-ठिणगी असं नाव दिलं. ठिणगी उडाली की पट्टीवर हिरवा दिवा लागतो, म्हणजे हो. उडाली नाही की लाल लागतो, म्हणजे नाही. अट एकच, प्रश्न हो किंवा नाही यात बसणारा हवा. तुम्ही 'काय झालं?' असं विचारलंत की मेंदूत एकदम हजार ठिणग्या उडतात, आणि पट्टी पार गोंधळते.

म्हणून मग आधी कोर्टांनी असे प्रश्न सोडून दिले. त्यांच्या पाठोपाठ दवाखाने, बँका, कचेऱ्या. लग्नाच्या बैठकीत कांदेपोहे राहिले, पण 'तुझ्या अपेक्षा काय?' गेलं. त्याऐवजी दोन्हीकडचे मामा छापील प्रश्न वाचून दाखवू लागले. शेवटी घरांचीही पाळी आली. आई शाळेतून आलेल्या लेकराला विचारते, "डबा संपवलास? भांडलास? बाई ओरडल्या?" लेकरू तीन शब्द टाकून खेळायला पळतं. दोघांनाही बरं! या सुटसुटीत प्रश्नांना लोक 'होनाही' म्हणू लागले. आणि खोटं कशाला बोला, फायदाही झाला. लबाडांचे दिवस भरले, खटले झटपट निकालात निघाले, पोलिसांचा दंडुका खुंटीला लागला. निर्वाळ्याला शिव्या देणाऱ्यांनी हे विसरू नये.

कल्पेश तांडेलसारख्या माणसांना तर निर्वाळा देवासारखा धावून आला होता.

कल्पेश म्हणजे दर्शनाचा नवरा. रेवदंड्याच्या खाडीत बाहेरून येणाऱ्या बोटींना वाट दाखवणारा वाटाड्या. खाडीचा गाळ दर मोसमात जागा बदलतो, नकाशे जुने होतात, यंत्रं चकतात. म्हणून बोटीपुढे आपली लाँच घेऊन जाणारा माणूस अजूनही लागायचा. त्या लाँचवर, सुकाणू हातात असतानाच, त्याच्या मेंदूत रक्तस्राव झाला. लाँच जुन्या धक्क्याच्या खांबावर आदळली. तेव्हापासून तो खाडीकाठच्या 'निवांत' या शुश्रूषागृहात श्वासयंत्राला जोडलेला पडून होता. हात नाही, पाय नाही, पापणीसुद्धा ताब्यात नाही. बोललेलं सगळं कळत होतं, पण शब्द जुळवण्याची मेंदूतली जागाच जळून गेली होती. डॉक्टरांनी अक्षरांचा तक्ता समोर धरून पाहिला. एकाही अक्षरावर ठिणगी उडाली नाही. अक्षरं त्याच्यासाठी आता नुसती चित्रं होती. उरले होते ते पट्टीवरचे दोन दिवे.

अशा रुग्णांसाठी कायद्यानं एक संमतीमंडळ नेमलेलं होतं. मंडळ वेगवेगळ्या महिन्यांत तीन वेळा येऊन रुग्णाला एकच प्रश्न विचारायचं, "या अवस्थेत पुढे जगण्याची तुमची इच्छा आहे का?" तिन्ही वेळा 'नाही' आलं, तर त्या 'नाही'चा मान राखून रुग्णाला 'निरोप' द्यायचा. म्हणजे झोपेचं औषध देऊन श्वासयंत्र बंद करायचं.

कल्पेशचा दिवा तिन्ही वेळा लाल लागला. निरोप येत्या सोमवारी होता.

ते ऐकून दर्शना तडक 'निवांत'मधल्या निर्वाळा विभागात गेली. विभागाच्या प्रमुख होत्या डॉक्टर शर्वरी लोटलीकर. पन्नाशीच्या, मोजकं बोलणाऱ्या, आणि आपल्या शास्त्राचा अभिमान बाळगणाऱ्या. दर्शना न विचारताच खुर्चीत बसली.

"डॉक्टरबाई, माझा माणूस 'नाही' का म्हणतो?"

"दर्शनाताई, 'का' विचारता येत नाही. तुम्हाला ठाऊक आहे."

"तुमच्या पट्टीला येत नाही. मी तुम्हाला विचारतेय. एवढी वर्षं संसार केला मी त्यांच्याबरोबर. भांडणात सतरा वेळा 'नाही' म्हणायचे. एकाही 'नाही'चा अर्थ दुसऱ्यासारखा नव्हता. जेवणार नाही म्हणजे राग आलाय. राग नाही म्हणजे फारच राग आलाय. आणि तुम्ही एका लाल दिव्यावर माणूस मारायला निघालात?"

डॉक्टर लोटलीकरांनी तिच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला. मग विद्यार्थ्यांना सांगत तसं सावकाश सांगू लागल्या.

"हे बघा, होनाही प्रश्नात मोठी ताकद आहे. मी मनात एक गाव धरलं, तुम्ही ओळखायचं. तुम्ही विचारलंत, 'कोकणात आहे का?' नाही. झालं, सगळं कोकण वगळलं. प्रत्येक प्रश्नाला निम्मी शक्यता गळते. असे वीस प्रश्न नीट विचारले, तर दहा लाख गावांतून तुम्ही बरोबर माझ्या गावी पोचता. आम्ही कल्पेशरावांना शेकडो प्रश्न विचारलेत. दुखतं का, भीती वाटते का, घरी जायचंय का, कुणावर राग आहे का. सगळं तपासलंय."

दर्शना ऐकत होती. डोळे पुसून म्हणाली, "मनात गाव धरलं म्हणता. आणि त्यांनी गाव धरलंच नसलं तर? समजा, समुद्र धरला असला तर?"

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही विचारणार, हे गाव का? नाही. ते गाव का? नाही. दहा लाख गावं फिरून याल, सगळीकडे लाल दिवा. मग म्हणाल, या माणसाच्या मनात काहीच नाही."

ही शंका डॉक्टरांना नवी होती असं नाही. लाल दिवा म्हणजे 'ठिणगी उडाली नाही', एवढंच पट्टीला कळतं. 'मला ते नको' याचा दिवा लाल, आणि 'तुम्ही भलतंच विचारताय' याचाही लालच. सुरुवातीच्या पट्ट्यांना 'नक्की सांगता येत नाही' असं सांगणारा पिवळा दिवाही होता. पण पिवळा लागला की नातेवाईक रडायचे, वकील भांडायचे. शेवटी सगळ्यांच्याच सोयीसाठी तो काढून टाकला गेला. वर्गात हा मुद्दा त्या दरवर्षी शिकवत. पण कुणाची बायको असं समोर बसून तो मांडेल, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

"मग तुम्ही काय केलं असतंत?" त्यांनी विचारलं, आणि आपण 'काय' म्हणालो हे लक्षात येऊन त्या स्वतःच दचकल्या.

दर्शनाच्या तोंडावर त्या दिवशी पहिल्यांदा हसू आलं. "हे खाडीत काय करायचे सांगू? गाळ कुठे सरकला ते बघायला लाँचवर लांब बांबू असतो. पाण्याला कुणी विचारत बसत नाही, बाबा रे, तू दोन पुरुष खोल आहेस का, तीन पुरुष आहेस का. बांबू सोडायचा. जाईल तितका जाऊ द्यायचा. टेकला की हाताला कळतं, खाली चिखल आहे की खडक. ठाव घेणं म्हणतात त्याला."

"गंमत आहे," डॉक्टर म्हणाल्या. "इंग्रजीत एक जुना शब्द होता, पर्कन्टेशन. ज्याचं उत्तर हो-नाहीत बसत नाही असा मोकळा प्रश्न. शब्दकोशात आता त्याच्यापुढे 'वापरातून गेलेला' अशी खूण असते. त्याचं मूळ लॅटिनमध्ये आहे, आणि असं म्हणतात की ते नावाड्याच्या बांबूपाशी जातं. तळ चाचपायच्या बांबूपाशी."

"बघा! आमच्या धक्क्यावर शेंबडं पोरही ठाव घेणं म्हणतं, त्यासाठी तुम्ही लॅटिनपर्यंत जाऊन आलात." मग ती एकदम गंभीर झाली. "मला बांबू सोडू द्या, डॉक्टरबाई. प्रश्न नको विचारायला. मी नुसती त्यांच्याशी बोलत बसते. तुम्ही दिवे बंद ठेवा आणि डोक्यात काय चाललंय ते नुसतं बघा."

असं पूर्वी कुणी केलेलं नव्हतं. पण करू नये असाही नियम नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी कल्पेशच्या कपाळावरच्या पट्टीचे दिवे काढून टाकण्यात आले आणि तिची तार थेट काचेपलीकडच्या पडद्याला जोडली गेली. पडद्यावर एक रेघ सरकू लागली. दिवे त्या रेघेतली फक्त ठिणगी घेत आणि बाकीचं सगळं फेकून देत. आता काहीच फेकलं जात नव्हतं.

दर्शनानं खुर्ची पलंगाला टेकवली आणि सुरू झाली. बोलायला तिला कधी कुणाची मदत लागली नव्हती. धक्क्यावरच्या भांडणांपासून तिनं सुरुवात केली. मग जावेच्या चिमट्याची गोष्ट सांगितली. कोलंबीचा भाव, देवळाच्या कमिटीतली मारामारी, लग्नानंतर पहिल्यांदा केलेलं आणि कुत्र्यानंही न खाल्लेलं निवट्या माशांचं कालवण. कुठे कुठे रेघेवर छोट्या ठिणग्या उडत होत्या. कालवणाला तर चांगलीच उडाली. दर्शनाला ते सांगितल्यावर ती म्हणाली, "माणूस मरायला टेकला तरी टोमणा सोडणार नाही!"

पण डॉक्टरांचं लक्ष ठिणग्यांकडे नव्हतं. ठिणग्यांच्या खाली रेघ मधूनच सावकाश वर चढत होती, वर राहत होती आणि मग खाली येत होती. तिचं नाव प्रतीक्षा-लहर. स्टँडवर लांबून आपली एसटी दिसली की आपण पिशवी उचलून उभे राहतो ना, तसं काही होण्याची वाट पाहत असला की मेंदू पिशवी उचलून उभा राहतो. ती ही लहर. पण दर्शनाच्या बोलण्याशी तिचा काही मेळ बसेना. विनोदावरही चढे, शांततेतही चढे.

शनिवारी दुपारी त्यांना उलगडा झाला. दर्शना पाणी प्यायला थांबली होती. खोलीत कोणी बोलत नव्हतं. बाहेरच्या पडवीत पावलं वाजली आणि रेघ चढू लागली. पावलं दाराशी आली, रेघ आणखी वर गेली. सिस्टर आत आल्या आणि रेघ धपकन खाली बसली. थोड्या वेळानं कल्पेशचा भाऊ आला. पुन्हा तेच. पावलांबरोबर वर, आणि तोंड दिसताच खाली.

डॉक्टर लोटलीकरांनी दर्शनाला बाहेर बोलावलं.

"ते कुणाची तरी वाट बघताहेत. दारातून येणाऱ्या प्रत्येक पावलाला त्यांना वाटतं, तो आला. आणि दर वेळी तो दुसराच कुणी निघतो. कोण यायचं राहिलंय, दर्शनाताई?"

दर्शनानं भिंतीला हात टेकला. तोंडावर पदर धरून ती खाली बसली आणि असा टाहो फोडला की पडवीतली माणसं धावत आली.

निनाद. त्यांचा एकुलता एक मुलगा. त्या दिवशी तोही लाँचवर होता, बापाच्या हाताखाली खाडी शिकत होता. लाँच खांबावर आदळली तेव्हा तो पाण्यात फेकला गेला. कोर्लईच्या खडकांत सापडला. बाप तेव्हा बेशुद्ध होता. तो शुद्धीवर येईपर्यंत घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं, यांना सांगायचं नाही.

आजाऱ्याला मरणाची बातमी सांगू नये, ही आपल्याकडची फार जुनी रीत. घरात सुतक असलं तरी आजाऱ्याच्या खोलीत जाताना तोंड धुऊन जायचं. समाचाराला आलेल्या पाहुण्याला दारातच दटावायचं. यात दुष्टावा नसतो, मायाच असते. दर्शनानं तर कमाल केली होती. निनादचं क्रियाकर्म उरकून ती दवाखान्यात आली ती रंगीत साडी नेसून, केसांत अबोलीचा गजरा माळून. तेव्हापासून ती रोज तशीच येत होती. पोटचा मुलगा गेला, आणि नवऱ्यासमोर तिला एकदाही रडता आलं नव्हतं. नातेवाइकांकडून मंडळ प्रश्नांचे विषय मागवतं, त्यात निनादचं नाव कुणी जाणूनबुजून येऊ दिलं नव्हतं.

"म्हणजे निनादबद्दल त्यांना कुणी काही विचारलंच नाही?" डॉक्टर म्हणाल्या.

"आम्ही कशाला विचारू? आणि ते तरी कसे विचारतील?" दर्शना हुंदके देत म्हणाली. "तुमच्या पट्टीनं माणसाला उत्तर देता येतं, बाई. प्रश्न विचारता येतो का?"

डॉक्टर लोटलीकर तिच्या शेजारी जमिनीवरच बसल्या. सगळं आयुष्य त्यांनी रुग्णांना काय विचारावं याचाच विचार केला होता. पलंगावरच्या माणसाच्या मनात उत्तर नसून प्रश्नच असू शकतो, हे त्यांना कधी सुचलं नव्हतं. 'जगायचं आहे का' असं मंडळानं विचारलं तेव्हा कल्पेश कदाचित 'नाही' म्हणालाच नव्हता. तो म्हणत होता, ते राहू द्या, आधी माझा मुलगा कुठे आहे ते सांगा. दिवा मात्र लाल लागला होता.

सोमवारी मंडळ आलं. अध्यक्ष सबनीस सज्जन गृहस्थ होते, पण नियमाबाहेर पाऊल टाकणारे नव्हते. डॉक्टरांनी त्यांना लहर दाखवली, सगळी हकिकत सांगितली.

"तुमचं म्हणणं कळलं," सबनीस म्हणाले. "पण कायद्यात दोनच दिवे आहेत, डॉक्टर. लहर कायद्यात नाही. तो लाल दिवा म्हणजे 'नाही' नव्हतं, हे तुम्ही कायद्याच्या दिव्यानं दाखवू शकता का?"

"मी दाखवते," दर्शना म्हणाली. "मला एक होनाही विचारू द्या. तुमच्याच दिव्यावर."

नातेवाइकाला तेवढा अधिकार होता. पट्टीला दिवे परत लावले, पडद्याची तारही राहू दिली. दर्शना नवऱ्याच्या कानाशी वाकली. डॉक्टरांना वाटलं, आता ही सांगणार. पण ती म्हणाली, "अहो, निनादचं तुम्हाला सांगायचं राहिलंय. सगळं सांगते. पण आज नाही. उद्या सांगू? ऐकायला थांबाल?"

दिवा हिरवा लागला. क्षणाचीही वाट न बघता लागला.

सबनीसांनी चष्मा काढून पुसला. रुग्ण उद्यासाठी थांबायला तयार आहे, म्हणजे निरोपाला त्याची संमती नाही, यात त्यांना शंका राहिली नाही. निरोप रहित झाला. रोज संध्याकाळी हाच प्रश्न विचारावा, दिवा हिरवा लागेल तोवर मंडळ मध्ये पडणार नाही, असं त्यांनी लिहून दिलं. जाताना ते दर्शनाला नमस्कार करून गेले.

दुसऱ्या दिवशी दर्शना आली, गप्पा मारल्या, नवऱ्याचं अंग पुसलं. निघताना म्हणाली, "अगंबाई, निनादचं राहिलंच की. उद्या सांगू?" हिरवा. तिसऱ्या दिवशीही तेच. श्रावण संपला, गणपती आले आणि गेले, तरी निनादचं रोज राहतच होतं.

डॉक्टर लोटलीकरांना हे सहन होईना. एकदा पडवीत त्यांनी दर्शनाला गाठलंच.

"दर्शनाताई, तुम्ही कधी सांगणार आहात?"

"हो-नाहीत विचारा की. सोपं जाईल मला."

"थट्टा नको. त्या माणसाला तुम्ही रोज दारापर्यंत नेऊन परत आणताय. ही काय माया झाली?"

"मग काय करू?" दर्शनाचा आवाज चढला. "सांगितलं की यांचं वाट बघणं संपलं. वाट बघणं संपलं की मंडळाला उत्तर देतील ते, आणि ते उत्तर खरंखुरं 'नाही' असेल. 'पोर माझ्या हातांनी बुडालं' असं त्यांना वाटेल, आणि बाप त्याच्या मागोमाग जाईल. ओळखते मी माझ्या माणसाला. एक गेला तो गेलाच. हे सांगितलं तर दोन. मग मी घरी जाऊन कुणाशी बोलू, भिंतीशी? तुम्ही मला क्रूर म्हणा. खुशाल म्हणा. पण मला रोज संध्याकाळी कुणाकडे तरी यायला हवंय हो!"

दर्शना चुकत होती असं डॉक्टरांना वाटत होतं, आणि तिच्या जागी आपण हेच केलं असतं असंही वाटत होतं.

त्यानंतर काही दिवसांनी, सकाळची फेरी संपल्यावर, त्या कल्पेशच्या खोलीत एकट्याच होत्या. सहज म्हणून त्यांनी पडद्यावर रेघ लावली. पडवीत पावलं वाजली. रेघ हलली नाही. सिस्टर आत आल्या, गेल्या. रेघ सपाट. डॉक्टरांना वाटलं, तारेत काही बिघाड आहे. तार बदलली. पुढचे दोन-तीन दिवस त्या काचेमागे बसून पाहत राहिल्या. माणसं आली, गेली. प्रतीक्षा-लहर एकदाही उठली नाही. संध्याकाळी दर्शना "उद्या सांगू?" म्हणाली, दिवा हिरवा लागला. पण त्याआधी ऐकण्याची ओढ दाखवणारी लहर नव्हती. ऐकायची उत्सुकता नाही, आणि थांबायला मात्र हो.

दर्शना गेल्यावर डॉक्टर आत गेल्या. कल्पेशच्या डोळ्यांत पाहता येत नव्हतं, सिस्टरांनी ते रात्रीपुरते मिटून ठेवले होते. कपाळावरची पट्टी त्यांनी सरळ केली आणि अगदी हळू विचारलं, "कल्पेशराव, निनाद राहिला नाही. हे तुम्हाला कळलंय का?"

हिरवा.

कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगायची गरजही नव्हती. जो मुलगा बापाला भेटायला कधीच येत नाही आणि ज्याचं नाव काढून आई रोज उद्यावर टाकते, तो कुठे आहे हे समजायला शब्द जुळवता यावे लागत नाहीत.

"मी दर्शनाताईंना सांगू का, की तुम्हाला कळलंय?"

लाल. आणि या लालमध्ये शंकेला जागा नव्हती, कारण पडद्यावरची रेघ एवढी खवळली होती की डॉक्टर दोन पावलं मागे सरल्या.

"रोज थांबायला हो म्हणता, ते त्यांच्यासाठी?"

हिरवा.

आता फक्त एकच प्रश्न उरला होता. तो मंडळाचाच प्रश्न होता, आणि आज पहिल्यांदाच या माणसाला तो खऱ्या अर्थानं विचारता आला असता. तुम्हाला स्वतःला जगायचं आहे का? डॉक्टर लोटलीकरांनी तोंड उघडलं. मंडळाच्या प्रश्नाला पट्टीवर दिलेलं उत्तर, तो कुणीही विचारला तरी, आपोआप मंडळाकडे जातं, हे त्यांना ठाऊक होतं. दिवा लाल लागला असता, तर तो खोडणं कुणाच्याच हातात राहिलं नसतं. हिरवा लागला असता, तर? पण तो हिरवा लागेल असं त्यांना वाटलं नाही. शास्त्रज्ञ बाई ती, जन्मभर प्रश्न विचारून पोट भरलेली. तिनं पट्टीची गाठ सोडली, ती घडी करून खिशात ठेवली, आणि कल्पेशच्या थंड हातावर हात ठेवून बसून राहिली. तिला रडू येत होतं, आणि आपण नक्की कुणासाठी रडतोय हे तिला सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दर्शना आली. केसांत गजरा होता. येताच तिनं खिडकी उघडली, चादर बदलली, बोंबील कसे महाग झालेत ते सांगितलं. डॉक्टरांनी पट्टी बांधून दिली. अंधार पडायला लागला तशी दर्शना उठली, पदर खोचून नवऱ्याच्या कानाशी वाकली आणि तिनं रोजचं विचारलं. मग डोळ्यांत पाणी आल्यामुळे दिवा नीट दिसेना, म्हणून तिनं डॉक्टरांकडे पाहिलं.

"हो म्हणाले ना?"

"हो," डॉक्टर लोटलीकर म्हणाल्या.